नेपाळच्या खेड्यात बायका-मुलींसाठी काम करायला जाऊ का? लातूरच्या एका सिस्टरला उत्तर

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय २६, नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम झालेली, लातूरच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं नोकरी. परदेशातल्या एखाद्या खेड्यात बायका आणि मुलींसाठी स्वयंसेवक म्हणून काम करावं अशी मनापासून इच्छा. एका एजन्सीने चार आठवड्यांचे दोन कार्यक्रम दाखवलेत, एक नेपाळच्या डोंगरात आणि एक केनियात. फी सव्वा लाखाच्या आसपास, विमानाचं तिकीट वेगळं. कामाचं वर्णन एका ओळीचं: मासिक पाळीविषयी जागृती, मुलींना इंग्रजी, महिला सक्षमीकरण. घरचे म्हणतात, पैसे घालून फुकट राबायला कशाला जायचं? आणि तू विचारतेस, जाऊ का?

जा. पण या एजन्सीमार्फत जाऊ नकोस, चार आठवड्यांसाठी जाऊ नकोस आणि यंदा तर नकोच. केनिया सध्या बाजूला ठेव, नेपाळ धर. असं का म्हणते ते नीट सांगायचं तर थोडं लांबेल. केज, अंबाजोगाई, कळंब या पट्ट्यात मी २४ वर्षं बायकांच्या आरोग्याचं काम करते. परदेशी स्वयंसेवक आमच्याकडे येऊन राहिलेत, आणि मी स्वतः चार महिने नेपाळात राहून आले. त्यामुळे पाहुणी आणि यजमानीण, दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

आधी यजमानणीची बाजू ऐक, कारण जाणाऱ्याला तीच दिसत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या एका गावात सहा परदेशी मुली आल्या, तीन आठवड्यांसाठी. सगळ्या विशी-बाविशीच्या, मनाने चांगल्या, पडेल ते काम करायची तयारी असलेल्या. शाळेत आठवी-नववीच्या मुलींसाठी पाळीविषयी सत्र ठेवलं. दुभाषी म्हणून शाळेतले इंग्रजीचे सर, कारण गावात दुसरं कुणाला तेवढं इंग्रजी येत नव्हतं. सर बिचारे घामाघूम. मुली माना खाली घालून बसलेल्या, आणि खिडकीच्या गजांना धरून मुलं उभी. पाऊण तासात एकाही मुलीने एक शब्द काढला नाही. बाहेर आल्यावर त्या पाहुण्या मुली मात्र भारावलेल्या होत्या. त्यातल्या एकीने नववीतल्या एका पोरीसोबत फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, की या मुलीला पाळीत वेगळं बसवतात, तिला शिकायचंय आणि घरचे शिकू देत नाहीत.

गावातलं कुणीतरी पुण्यात शिकायला होतं. आठ दिवसांत तो फोटो पोरीच्या चुलत्याच्या मोबाइलवर आला. वडिलांनी शाळा बंद केली. त्या दिवाळीनंतर ती आईबापासोबत टोळीवर, म्हणजे ऊसतोडीला गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. एका फोटोने हे सगळं घडलं असं मी म्हणत नाही. लग्नाचं घरात आधीपासून चाललं असेलही. पण तिची शाळा ज्या एका धाग्यावर लटकली होती, तो धागा तुटायला आम्ही कारण दिलं. चूक त्या पाहुण्या मुलींपेक्षा आमची मोठी होती. फोटोचा नियम नव्हता, बाई दुभाषी शोधली नव्हती, आणि पाहुण्यांना 'काहीतरी करायला मिळावं' म्हणून आम्ही सत्र ठरवलं होतं. गावाने ते मागितलं नव्हतं. ती पोर आज तिशीच्या घरात असेल. तिची आठवण आल्याशिवाय मी कुठल्याही स्वयंसेवकाच्या अर्जावर सही करत नाही.

तो धागा इतका कच्चा का असतो, हे तुझ्या ओळखीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, २० ते २४ वयाच्या बायकांना लग्न कधी झालं ते विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के निघाल्या. मुकादम, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा माणूस, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. दसरा-दिवाळीनंतर आईबाप सहा महिने साखर कारखान्याच्या पट्ट्यात. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत नेली तर पालावर तिच्या अंघोळीलाही आडोसा नसतो. बापाला पोरीची काळजी असते म्हणूनच तो लग्न उरकतो, हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली. मी इथलीच, माझी भाषा तीच, तरी इतकी वर्षं लागली. चार आठवड्यांसाठी आलेल्या माणसाला यातलं काय हाती लागणार?

आता दुसरा अनुभव सांगते, नाहीतर तुला वाटेल मी बाहेरच्यांच्या विरोधातच आहे. काही वर्षांनी आमच्याकडे एक परदेशी मिडवाइफ आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या. आम्हीच त्यांना बोलावलं होतं. उपकेंद्रावरच्या गरोदर मातांच्या नोंदी तपासून द्यायला कुणीतरी हवं होतं म्हणून. त्या सात महिने राहिल्या. पहिले दोन महिने फक्त मराठी शिकणं, आशाताईमागून घरोघर फिरणं आणि भाकरी थापायचा प्रयत्न. त्यांनी एकही भाषण केलं नाही. तिसऱ्या महिन्यात रजिस्टरवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत या बायकांच्या रकान्यात काहीच का नाही? आशाताई म्हणाली, "अहो, त्या टोळीवर असत्यात ना. तिथल्या दवाखान्यात गेल्या तर ते विचारतात कागद कुठंय, अन् कागद इथं माझ्याकडं." पुढचं आशाताईनेच सुचवलं: जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या हातात तिच्या सगळ्या तपासण्यांचा कागद द्यायचा, प्लॅस्टिकमध्ये घालून. मिडवाइफबाईंनी काय केलं? रोज संध्याकाळी बसून एकेका बाईचा कागद लिहून काढला, मराठी अक्षर गिरवत गिरवत. टोळ्या निघाल्या तेव्हा कागद प्रत्येकीच्या पिशवीत होता. बाई गेल्या, आशाताई पुढेही ते करत राहिली. त्यांचं नाव गावात आजही निघतं, पण काम त्यांच्या नावावर अडलेलं नाही.

मी स्वयंसेवक पारखते तो याच गोष्टीवरून. तुला कुणी बोलावलंय, कशासाठी बोलावलंय, आणि तू निघालीस की ते काम तिथली कोण बाई पुढे नेणार? तुझ्या एजन्सीच्या कागदात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. मला तर त्यात एकाही नेपाळी बाईचं नाव दिसलं नाही. तू त्यांना फोन कर आणि सरळ विचार. माझं काम रोज कोण पाहणार, तिचं नाव काय, तिच्याशी आधी बोलता येईल का? मागच्या तुकडीने काय केलं आणि त्यातलं आज काय चालू आहे? माझ्या सव्वा लाखातले त्या गावात किती पोचतात आणि कशावर खर्च होतात? जी संस्था कामाची असते ती अशा प्रश्नांनी सुखावते, आणि उलट तुलाच दहा प्रश्न विचारते. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पोलीस क्लिअरन्सचा दाखला मागते, जुन्या नोकरीतून चौकशी करते, मुलांसोबत कसं वागायचं याच्या लेखी नियमांवर सही घेते. अल्पवयीन मुलींमध्ये तुला सोडायचंय आणि तुझ्याकडून फक्त पैसे भरल्याची पावती मागतात, तर तुझ्याआधी तिथं कोण कोण येऊन गेलं असेल याचा विचार कर. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे. फीचा त्यानंतर.

फी घेणं हे वाईटच, असं मी म्हणणार नाही. पाहुण्याचा खर्च गावावर पडू नये हे बरोबर आहे. पण अनुभवी माणसांना पैसे न घेता पाठवणारे मार्गही आहेत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. ते अर्जाची फी घेत नाहीत, उलट निवड झालेल्याला निर्वाहभत्ता देतात. व्हीएसओ ही ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली संस्थाही कामाचा अनुभव पाहून माणसं निवडते. तुझी चार वर्षांची नर्सिंगची नोकरी तिथे मोलाची आहे. सव्वा लाख देऊन संधी विकत कशाला घेतेस?

अनाथाश्रमाचा पर्याय कुणी दाखवला तर थेट नाही म्हण. नेपाळमध्ये अशा कित्येक 'अनाथ' मुलांचे आईबाप हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून गावाकडून मुलं आणली जातात, हे तिथे उघडकीला आलेलं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीत धरलं.

आता केनिया का नको. माझा स्वतःचा तिथला अनुभव नाही, म्हणून थोडक्यात. स्वाहिली आणि त्यावर त्या त्या भागाची आणखी एक बोली, हे तुला काही महिन्यांत जमणार नाही. भाषेशिवाय बायकांमध्ये काम म्हणजे पुन्हा तोच खिडकीतला प्रकार. शिवाय पीतज्वराची लस लागते, ती ठराविक अधिकृत केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवतात. लस घेऊन निघून जाता येईल गं, अडचण भाषेची आहे.

नेपाळीचं तसं नाही. लिपी आपलीच. हिंदी-मराठी येणाऱ्याला तीन-चार महिन्यांत कामापुरती बोलता येते. आणि तिथे गेल्यावर काही शब्द असे भेटतात की आपण थबकतो. पाळी आली की आपल्याकडे बाई बाजूला बसते. नेपाळीत म्हणतात 'पर सरेको', म्हणजे पलीकडे सरकलेली. गर्भाशय खाली उतरलं की आपल्या बायका म्हणतात, अंग बाहेर येतंय. तिथे म्हणतात 'आङ खस्यो'. आङ म्हणजे अंग, खसणं म्हणजे घसरून पडणं. दुखणं तेच आणि त्याला दिलेलं आडपडद्याचं नावही तेच.

मी ऑक्टोबर २०१५ मध्ये गेले. त्या वर्षी २५ एप्रिलला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता, जवळपास नऊ हजार माणसं गेली होती. मी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात होते, जिथे नुकसान फार मोठं होतं. लोक जस्ती पत्र्यांच्या खोपटांत राहत होते. तीन आठवडे मी जवळजवळ काहीच केलं नाही, आणि ते मला फार जड गेलं. इथे मी दिवसाला तीन गावं करणारी बाई. तिथे मला भाषा येत नव्हती, वाट माहीत नव्हती, डोंगर चढताना दम लागायचा. मी तिथल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविकेच्या मागे मागे फिरायचे. या बायका म्हणजे नेपाळच्या आशाताई. पण आपल्या आशा २००५ च्या, आणि नेपाळने हे काम १९८८ पासून चालवलंय. पन्नास हजारांहून जास्त बायका गावोगाव जवळपास बिनपगारी हे करतात. स्वयंसेविका हा शब्द खरा त्यांचा. आपण जातो ते त्यांच्या मदतीला, एवढं डोक्यात पक्कं ठेवून जा.

एका खोपटात पन्नाशीची एक बाई होती. बोलताना ती एका विशिष्ट तऱ्हेने बसायची, एका कुल्ल्यावर भार टाकून, पाय आवळून. ती बसण्याची तऱ्हा मी केज तालुक्यात शंभरदा पाहिलीय. मी माझ्या मोडक्या नेपाळीत फक्त एवढंच सांगितलं, की आमच्याकडेही बायकांचं अंग बाहेर येतं, ओल्या बाळंतिणी ऊस वाहतात म्हणून. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंसेविकेला म्हणाली, मला अठरा वर्षं आहे. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी डोक्याला पट्टा लावून डोकोत, म्हणजे तिथल्या पाठीवरच्या टोपलीत, गवताचा भारा आणला होता, तेव्हापासून. पुढे स्वयंसेविकेनेच तिला शिबिरात नेलं, रिंग पेसरी, म्हणजे गर्भाशयाला आतून आधार देणारी रिंग, बसवली. मी त्यात हाताने काहीही केलं नाही. मी नर्सही नाही. तू आहेस, तरीही तिथे तुझा हात बांधलेला असेल, ते पुढे सांगते. पण परक्या मुलखातून आलेल्या बाईने 'आमच्याकडेही' म्हटलं, याचा उपयोग झाला. लातूर-बीडच्या बाईजवळ नेण्यासारखं काही असेल तर ते हे आहे. आपल्याकडे सगळं ठीक आहे आणि तुमचं दुरुस्त करायला आलो, असं आपण म्हणूच शकत नाही.

म्हणून तर म्हणते, आपलं दुखणं नीट जाणून जा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. पाळीत एक दिवस पालावर थांबलं की खाडा, खाड्याचा दंड उचलीत चढतो. अंगावरून पांढरं जातंय म्हणून डॉक्टरकडे गेलं तर तो कॅन्सरची भीती घालतो. मग बाईच म्हणते, काढून टाका एकदाची, कटकट मिटेल. नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांत छाउपडी आहे, पाळीत बाईला गोठ्यासारख्या झोपडीत झोपवतात. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा बेकायदा ठरवली. २०१७ मध्ये कायदा झाला: तीन महिने कैद, तीन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गोठ, म्हणजे त्या झोपड्या, पाडण्याच्या मोहिमा झाल्या. तरीही बायका पडक्या जागेत जाऊन झोपतात, कारण घरात झोपलं आणि म्हैस मेली तर दोष कुणाच्या माथी? आता तुझी एजन्सी म्हणते, चार आठवड्यांत 'जागृती'. तू तिथे उभी राहून ही अंधश्रद्धा आहे म्हणालीस तर बायका मान हलवतील आणि रात्री गोठातच जातील. पण तिथली सासू सुनेला का पाठवते हे ऐकून घेतलंस, आणि तुझ्या आजीला कावळा शिवल्यावर ती कुठे झोपायची हे सांगितलंस, तर बोलणं सुरू होईल. त्यातून पुढे काय निघेल ते तिथल्या बायका ठरवतील.

भारतीय म्हणूनही तुझ्या पाठीवर एक ओझं असेल. मी होते तेव्हा सप्टेंबरपासून सीमेवर नाकेबंदी होती. गॅस नाही, औषधं अडकलेली, थंडी वाढत चाललेली. नेपाळी लोक त्यासाठी भारताला दोष देत होते. एका म्हातारीने चुलीत ओलं लाकूड सारत मला विचारलं, तू मदतीला आलीस आणि तुझा देश आमची चूल विझवतो, असं कसं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसून फुंकणी हातात घेतली. असे प्रश्न येतील तेव्हा वाद घालू नकोस, बाजू मांडू नकोस.

आणि नर्सिंगचं. तुझी नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे. नेपाळच्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी हातात नसताना सुई, सलाईन, टाका, बाळंतपण कशालाही हात लावायचा नाही. कुणी कितीही विनवलं, 'इथे कोण बघतंय' म्हटलं, तरी नाही. गरिबाच्या अंगावर शिकून घ्यायला जाणारे विद्यार्थी मी पाहिलेत, आणि मला त्याची फार चीड आहे. बीपी मोजायला शिकवणं, नोंदी लावून देणं, स्वयंसेविकांची उजळणी घेणं, शिबिरात रांग सांभाळणं, औषधांच्या तारखा तपासणं, हे भरपूर आहे. चार वर्षांच्या सिस्टरला ते हलकं वाटेल. मला नको असलेलं पहिलं माणूस कोण, तर हे हलकं समजणारं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून जा. एखादी मुलगी रात्री तुझ्याजवळ येऊन सांगेल, घरात कुणीतरी हात लावतं. परक्याला सांगणं सोपं असतं, म्हणून तुलाच सांगेल. त्या वेळी 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस, कारण ते पाळता येत नाही. ऐक, तिच्यावर विश्वास आहे हे सांग, खोदून खोदून विचारू नकोस, आणि संस्थेत यासाठी जी बाई नेमलेली असेल तिच्याकडे त्याच दिवशी जा. अशी बाई नेमलेलीच नसेल तर त्या संस्थेत तू असता कामा नये. नेपाळात बालकांची हेल्पलाइन १०९८ आहे, आपल्यासारखीच, आणि राष्ट्रीय महिला आयोगाची ११४५. दोन्ही पाठ कर.

आता मला मनापासून आवडणारी एक गोष्ट सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. पुढच्या वर्षांत घरं दुरुस्त करायचा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांतून बायका संवाद सहायक म्हणून, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून, नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम उभं केलं होतं. ज्या बायका तोवर गावच्या बैठकीत पारावर चढल्या नव्हत्या, त्या गवंड्याला सिमेंटला पाणी किती दिवस मारलंस म्हणून विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा यातल्या काही बायका कच्छला गेल्या. नऊवारीतल्या, गुजराती न येणाऱ्या. त्यांपैकी एकीने मला सांगितलेलं अजून लक्षात आहे: "आम्ही काय शिकवलं म्हनता? पयलं त्यांच्याबरोबर रडलो. मग सांगितलं, घर मिळंल, पर कागदावर तुमचं नाव हाय का ते बघा." पैसे घेऊन कुणी तो अनुभव देऊ शकत नाही. मराठवाड्यातून दूरच्या खेड्यात मदतीला जाणाऱ्या बायकांची वाट त्या आपल्यासाठी पाडून गेल्यात, आणि तू त्याच जिल्ह्याची आहेस.

म्हणून यंदाचं वर्ष इथे घाल. नोकरी सोडायची गरज नाही, पण दर रविवारी आणि जमेल तशी रजा काढून एकाच गावात जा. त्या गावातून टोळ्या कधी निघतात, कोण मागं राहतं, हंगामी वसतिगृहात मुली किती आणि मुलं किती, आशाताई दिवसभर काय करते, ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे त्याला स्वतःला माहीत आहे का, हे बघ. काही सुधारायला जाऊ नकोस, नुसतं हजर राहा. हंगामात एकदा तरी चार-पाच दिवस कारखान्याच्या पट्ट्यात पालावर जाऊन राहा. पहाटे तीनला बायका उठतात, थंडीत दव पडलेल्या पाचटात पाय घालतात, ते बघितल्याशिवाय दुसऱ्या देशातल्या बाईचं ओझं तुला कळायचं नाही.

जामखेडला एकदा जाऊन ये. आष्टी-पाटोद्याला लागूनच तर आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, शाळा न पाहिलेल्या बायकांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या केलं, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तिथे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी येतात, पण शिकायला. गावातल्या बायका त्यांना शिकवतात. बाहेरच्याने कसं यावं आणि कुठे बसावं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

सोबत नेपाळी शिकायला लाग. मग पुढच्या वर्षी, हातात एखाद्या नेपाळी संस्थेचं बोलावणं घेऊन, किमान सहा महिन्यांसाठी जा. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. मनमाडहून गोरखपूरकडे गाड्या जातात, पुढे सुनौलीची सीमा. विमानाचे पैसे वाचतील. व्हिसा लागत नाही म्हणून काम करायलाही काहीच लागत नाही असं धरू नकोस; कुठली परवानगी हवी ते संस्थेकडून लेखी घे. ज्या घरी राहशील तिथे जेवणाचे पैसे दरमहा मोजून दे, आणि ते घरातल्या बाईच्या हातात दे. आरोग्य विमा काढ. टायफॉइडची लस घे. भेटवस्तूंच्या बॅगा भरून नेऊ नकोस. एका पोरीला दिलेली वस्तू दहा पोरींना तोंडावर मारल्यासारखी होते. आमच्याकडे कुणीतरी दिलेलं पॅड बनवायचं यंत्र अजून गोदामात आहे. ते आलं तेव्हा गावात आठ-आठ तास भारनियमन होतं. देणाऱ्याने तेवढं एक विचारलं असतं!

घरच्यांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. आईला वाटणारी भीती खरी आहे. परमुलखात पोर एकटी, त्यात लग्नाचं वय. तिला समजावत बसण्यापेक्षा, ज्या नेपाळी बाईच्या हाताखाली तू काम करणार तिच्याशी आईचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून दे. हिंदीत बोलतील दोघी. माझ्या सासूबाईंनी अशाच बोलण्यानंतर होकार दिला होता. त्या दोघींनी अर्धा तास लोणच्यावर गप्पा मारल्या, माझा विषयसुद्धा निघाला नाही. 'फुकट राबायला कशाला' याचं उत्तर वडिलांना मी देणार नाही, ते वर्षभर तुझ्या वागण्यातून त्यांना दिसेल.

आता आधी एक कर. एजन्सीने मागितलेले आगाऊ वीस हजार भरू नकोस. वर लिहिलेले प्रश्न त्यांना विचार आणि काय उत्तर येतं ते मला कळव. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. आणि दसऱ्याच्या आठ दिवस आधी दोन दिवसांची रजा काढून आमच्याकडे ये. तेव्हा गावात टोळ्या भरायची गडबड असते, आशाताई आणि मी जाणाऱ्या बायकांचे कागद लिहायला बसलेल्या असतो. तुझं अक्षर चांगलं आहे. चष्मा लागूनही आता मला संध्याकाळचं नीट दिसत नाही, तेव्हा तू आलीस तर फार मदत होईल.